मामूंचा पाय आणि मलमाची ट्यूब



पावसाळा उतरणीला लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत त्वचेच्या तक्रारी वाढतात, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. गजकर्ण, नायटा, जांघेतली खाज, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या. बहुतेक पत्रांत प्रश्न एकच असतो, ‘कोणते मलम लावू?’ या वेळी तो प्रश्न बाजूला ठेवून आम्ही दुसरा घेतला आहे. तो आमच्याच घरात उभा राहिला आणि त्यापायी दोन माणसांचे बोलणे तीन आठवडे बंद होते. प्रश्न असा: बुरशीवरचे औषध लावल्यानंतर त्याच जागी सूज आली, पू झाला, ताप भरला, तर तो औषधाचा दोष समजायचा का?

आमचे मामू नालासोपारा पश्चिमेला, सोपारा गावात राहतात. वय एकसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा. कामाला वालीवच्या एका गाळ्यात, पॅकिंग विभागात. वसई-विरारचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. १० जुलै २०१८ चा दिवस इथले कोणी विसरलेले नाही. नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली, गाड्या बंद, आणि वसईच्या मिठागरात शेकडो माणसे अडकून पडलेली. एवढा पूर दरवर्षी येत नाही, पण गुडघाभर पाण्यातून कामावर जाण्याचे दिवस दरवर्षी येतात. मामू रबरी बूट घालून जातात. पाणी बुटाच्या वरून आत शिरते आणि मग संध्याकाळपर्यंत बाहेर पडत नाही. आठ-दहा तास पाय त्यातच भिजत राहतो.

अशा पायाला चिखल्या होतातच. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजल्या कागदासारखी होते, मग सोलते, मग चिरते. मामूंनी नेहमीप्रमाणे आधी तुरटीचे पाणी केले, मग खोबरेल तेल लावले. पंधरा दिवसांनी चालताना तोंड वाकडे होऊ लागले तेव्हा भाभीने, म्हणजे त्यांच्या सुनेने, ऐकून न घेता त्यांना रिक्षात बसवले आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. डॉक्टरांनी बोटांमधली कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, बुरशी असल्याचे सांगितले आणि ल्युलिकोनाझोलचे मलम लिहून दिले. दिवसातून एकदा, पाय पूर्ण कोरडा करून. ते रोज रात्री लावण्याचे काम भाभीने स्वतःकडे घेतले. इशाच्या नमाजनंतर मामू पाय पुढे करून बसायचे आणि ती एकेक बोट वेगळे करून मलम लावायची.

बाराव्या दिवशी पहाटे मामूंना हुडहुडी भरली. उजवा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत लाल, तापलेला, ताणून चकचकीत झालेला. इस्पितळात नेले तेव्हा साखर ३४० निघाली. डॉक्टर म्हणाले, सेल्युलायटिस, त्वचेच्या खालच्या थरात जिवाणूंचा संसर्ग. सहा दिवस शिरेतून अँटिबायोटिक चालले. अल्लाहची मेहेरबानी की पाय वाचला.

घरातले मात्र काही वाचले नाही. तिसऱ्या दिवशी मुमानीच्या भावाच्या मुलाने मोबाइलवर त्या मलमाची माहिती शोधून काढली आणि वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर सर्वांसमोर वाचून दाखवली. तिथे स्पष्ट लिहिले होते की हे मलम वापरणाऱ्यांत सेल्युलायटिस झाल्याची नोंद आहे. मुमानी भाभीकडे वळल्या आणि म्हणाल्या, “तुझ्या ट्यूबनेच माझ्या माणसाचा पाय सडवला असता.” भाभी काही बोलली नाही. संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडली. म्हणाली, “अप्पी, मी रोज माझ्या हाताने लावत होते.”

तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. आम्ही डॉक्टर नाही. जे वाचले, जे एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंना चार वेळा विचारून समजून घेतले, ते इथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट, मुलाने वाचले ते खोटे नव्हते. ल्युलिकोनाझोल हे मूळ जपानी औषध. अमेरिकेने २०१३ साली त्याला मान्यता दिली. तिथल्या अधिकृत माहितीपत्रकात लिहिले आहे की औषध बाजारात आल्यानंतर वापरणाऱ्यांकडून दोन गोष्टी कळवल्या गेल्या: त्वचेची अॅलर्जीसारखी दाह होणारी प्रतिक्रिया आणि सेल्युलायटिस. पण त्याच पत्रकात आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या बाकड्यावर कोणी वाचल्या नाहीत. एक म्हणजे, मान्यतेआधीच्या चाचण्यांत सहाशेहून अधिक लोकांनी हे मलम लावले, आणि लावलेल्या जागी त्रास झाल्याचे प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी होते. ज्यांना औषध न घातलेले नुसते मलम दिले होते त्यांच्यातही ते तेवढेच कमी होते. दुसरी म्हणजे, अशा नंतर कळवलेल्या तक्रारी लोक आपणहून कळवतात, एकूण किती जणांनी औषध वापरले ते माहीत नसते, म्हणून त्यावरून प्रमाण काढता येत नाही आणि त्रास औषधामुळेच झाला असेही ठरवता येत नाही.

आमच्या लोकांना हे समजवायचे तर पोलीस चौकीच्या वहीचे उदाहरण पुरते. वहीत नाव आले म्हणजे तक्रार झाली. गुन्हा शाबीत झाला असे नव्हे. पण म्हणून वही फाडून टाकायची नसते. एकाच नावावर दहा तक्रारी आल्या तर चौकशी करावी लागते. ‘नोंदवलेला दुष्परिणाम’ याचा अर्थ इतकाच, आणि इतका तरी आहेच.

आता प्रश्न उरतो की जिवाणू आले कुठून. ते आलेच नव्हते, ते होतेच. आपल्या सर्वांच्या कातडीवर जिवाणू राहतात. त्यातले स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस हे दोन प्रकार बहुतेक गळवांच्या, केसतुडांच्या आणि सेल्युलायटिसच्या मुळाशी असतात. अखंड कातडी त्यांना बाहेर ठेवते. चिखलीने पडलेली चीर म्हणजे उघडे राहिलेले दार. १९९९ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी पायाच्या सेल्युलायटिसचे रुग्ण आणि तो नसलेले रुग्ण यांची तुलना केली. पायावर जखम, व्रण, बोटांमधल्या भेगा असे काही दार उघडे असलेल्यांना धोका कितीतरी पटीने जास्त निघाला आणि त्या दारांत बोटांमधल्या चिखल्या ठळक होत्या. म्हणजे ज्या माणसाला बुरशीचे मलम लागते, त्या माणसाला सेल्युलायटिसचा धोका मलमाआधीच असतो. मलम लावायच्या दिवशी दार उघडेच होते. मामूंच्या बाबतीत साखर ३४० होती, म्हणजे आतला पहारेकरीही झोपलेला.

बुरशी आणि जिवाणू यांचे आपसातले नाते याहून गुंतागुंतीचे आहे, आणि ते वाचताना आम्ही चहा थंड करून बसलो. फिलाडेल्फियाच्या लेडन आणि क्लिगमन या दोन त्वचातज्ज्ञांनी १९७० च्या दशकात बोटांमधल्या चिखल्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना दिसले की सुरुवातीला तिथे मुख्यतः बुरशी असते, कातडी कोरडी, पापुद्रे सुटलेली, त्रास बेताचा. जागा ओली राहिली की जिवाणू वाढतात, मग दुर्गंधी, खाज, चिरा. अशा पुढच्या अवस्थेत नुसते बुरशीचे औषध पुरत नाही, कारण तोवर लढाई दुसऱ्याशी सुरू झालेली असते. बुरशीने दार फोडले आणि आत दुसराच शिरला, असा प्रकार.

आणि बुरशी जिवाणूंशी भांडतेसुद्धा. काही बुरशी स्वतः पेनिसिलिनसारखे द्रव्य बनवतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात युरोपातल्या साळूसारख्या छोट्या काटेरी प्राण्यांच्या अंगावरची बुरशी तपासली होती. ती बुरशी असे द्रव्य तयार करते, म्हणून तिथल्या स्टॅफिलोकोकस जिवाणूंनी त्याला तोंड देणे शिकून घेतले होते, तेही माणसाने अँटिबायोटिक शोधण्याच्या खूप आधी. माणसाच्या पायावर मलमाने बुरशी मेली की जिवाणूंना रान मोकळे मिळते का, याचे उत्तर त्यावरून काढता येणार नाही, आणि आम्ही काढतही नाही. पण ‘एक रोग, एक जंतू, एक ट्यूब’ हा हिशेब कातडीवर चालत नाही एवढे त्यातून कळते.

मलमाचा हात मुळीच नसतो असेही नाही. एखाद्याच्या कातडीला मलमातला कुठलासा घटक मानवत नाही. जागा लाल होते, खाजते, माणूस नखाने ओरबाडतो आणि नखाखालचे जिवाणू थेट आत जातात. आणखी एक गोष्ट भाभीच्या प्रश्नामुळे आम्हाला कळली. पुटकुळीत पू दिसला म्हणजे जिवाणूच असतील असे नाही. टर्बिनाफिनच्या गोळ्यांनी क्वचित कोणाच्या अंगभर बारीक पिवळसर पुटकुळ्या उठतात, ताप येतो, आणि त्यात जिवाणू नसतात. ती औषधाची प्रतिक्रिया असते. तिथे अँटिबायोटिक देऊन उपयोग नाही, टर्बिनाफिन थांबवावे लागते. म्हणून मोबाइलवर फोटो जुळवून निदान करू नका. हे डोळ्यांनी पाहणाऱ्या डॉक्टरचे काम आहे.

हे सगळे आम्ही मुमानींना समजावून सांगितले. त्यांनी ऐकले, मान हलवली आणि म्हणाल्या, “मग अकरा दिवस बरा असलेला पाय बाराव्या दिवशीच कसा बिघडला?” प्रश्न बरोबर होता. उत्तर आमच्याकडे नव्हते. ते मामूंच्या डब्याच्या पिशवीत होते.

घरी आल्यावर आठवडाभराने भाभीने ती पिशवी धुवायला काढली. आतल्या कप्प्यात, सुपारीच्या पुडीखाली, दाबून चपटी झालेली दुसरीच एक ट्यूब निघाली. ती घेऊन ती सरळ आमच्याकडे आली. अक्षर बारीक, आम्ही चष्मा लावून वाचले: क्लोबेटासोल, मायकोनाझोल, निओमायसिन. मामूंना विचारले तेव्हा ते आधी खिडकीबाहेर पाहत राहिले. मग कळले की गाळ्यातल्या एका दोस्ताने ती दिली होती. त्याने मेडिकलमधून चिठ्ठीविना आणली होती. “सुनेच्या मलमाने खाज लगेच थांबत नव्हती रे,” मामू म्हणाले. “याने एका दिवसात थांबली. दुपारच्या सुट्टीत लावायचो. वाटले, दोन्ही लावले तर लवकर बरे होईल.” जवळजवळ आठ दिवस ते दुपारी ही ट्यूब आणि रात्री ती ट्यूब लावत होते.

वाचकहो, इथे थोडे थांबावे लागेल. आपल्या किती घरांत आज अशी ट्यूब आरशामागच्या कप्प्यात पडली आहे, हे आम्हाला पत्रांवरून माहीत आहे.

क्लोबेटासोल हे स्टेरॉईड आहे, आणि कातडीला लावायच्या स्टेरॉईडमधले सर्वांत जहाल. स्टेरॉईड रोग मारत नाही. कातडीचा आरडाओरडा बंद करते. लाली, खाज, सूज ही शरीराच्या लढाईची चिन्हे असतात, ती लढाईच ते थांबवते. माणसाला वाटते गुण आला. खाली बुरशी पसरत राहते आणि जिवाणूंनाही अडवणारे कोणी उरत नाही. वर कातडी पातळ होत जाते. जांघेत महिनोन्महिने लावणाऱ्यांच्या अंगावर बाळंतपणासारखे पांढरट-लालसर चट्टे उमटतात आणि ते कायमचे राहतात. मामूंनी विचारले, “पण त्यात जंतूंचे औषध होते ना?” होते, निओमायसिन. पण स्ट्रेप्टोकोकसवर त्याचा जोर कमी चालतो, आणि पायाचा सेल्युलायटिस बहुतेकदा स्ट्रेप्टोकोकसच करतो. शिवाय वरून चोपडलेले अँटिबायोटिक त्वचेखालच्या थरात पसरत चाललेला संसर्ग रोखत नाही. आणि निओमायसिन हे स्वतःच कातडीला न मानवणाऱ्या, अॅलर्जी करणाऱ्या औषधांत बदनाम आहे.

सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. मार्च २०१८ मध्ये चौदा प्रकारची स्टेरॉईड असलेली मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात त्वचेची काही मिश्र मलमेही होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने यासाठी वर्षानुवर्षे आवाज उठवला होता. कायदा झाला. मामूंच्या दोस्ताला ट्यूब मात्र चिठ्ठीविना मिळाली. काउंटरवर आपण उभे राहून “खाजेची काहीतरी चांगली ट्यूब द्या, लगेच आराम पडेल अशी” म्हणतो, तेव्हा त्या ‘लगेच’ने आपण कोणती ट्यूब मागितली हे दुकानदाराला बरोबर कळते. दोष दोन्ही बाजूंना आहे, पण बरणीतल्या गोळीसारखी औषधे विकणाऱ्याचा जास्त, असे आमचे मत आहे.

या अर्धवट उपचारांची किंमत एकट्या घराला पडत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतात गजकर्णाची अशी साथ पसरली आहे की नेहमीच्या औषधांना दाद न देणारे रुग्ण दवाखान्यांत रोज दिसतात. पूर्वी पंधरा दिवसांत जाणारा डाग आता महिने घेतो. २०२० साली जपानच्या संशोधकांनी तिथे राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या अंगावर मिळालेल्या बुरशीला वेगळी जात ठरवून ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. टर्बिनाफिन तिच्यावर अनेकदा चालत नाही. रोगाच्या नावात आपल्या देशाचे नाव घातल्याबद्दल इथल्या काही डॉक्टरांनी नाराजी व्यक्त केली, आणि ती आम्हाला रास्त वाटते. पण बुरशी तर आहेच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन स्त्रियांत ती आढळल्याचे अमेरिकी आरोग्य खात्याने जाहीर केले.

म्हणूनच आता डॉक्टर बऱ्याचदा इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल लिहितात. त्याबद्दल मधुमेह, रक्तदाब, हृदयविकाराची औषधे घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: आपली सगळी औषधे डॉक्टरांसमोर टेबलावर मांडा. हृदय कमजोर असलेल्यांना हे औषध धोक्याचे ठरू शकते, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ते चालत नाही. कॅप्सूल जेवणानंतर घ्यायची असते आणि पित्ताच्या औषधाबरोबर घेतली तर नीट लागू पडत नाही. रमजानमध्ये ती इफ्तारच्या जेवणानंतर घ्यायची की सहरीला, हे आधीच विचारून ठेवावे. रोजा धरायचा म्हणून गोळी मध्येच सोडली आणि ईदनंतर परत सुरू केली, असे किमान तीन पत्रांत आम्ही वाचले आहे. बुरशीला तेवढा महिना पुरतो.

वुजूबद्दल लिहायला आम्ही कचरत होतो, कारण गैरसमज पटकन होतात. पाय दिवसातून पाच वेळा स्वच्छ होतो, बोटांमध्ये खिलाल होतो, ही चिखल्यांविरुद्ध चांगलीच गोष्ट आहे. त्रास पुढच्या मिनिटाला होतो: ओला पाय तसाच मोज्यात, बुटात. एक छोटा सुती रुमाल खिशात ठेवा, फक्त स्वतःच्या पायांसाठी, आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करूनच मोजा चढवा. वुजूखान्यातल्या सर्वांच्या सामायिक चपला आणि टांगलेला एकच टॉवेल यांपासून जपा. मशिदीच्या विश्वस्तांनी तो टॉवेल काढून टाकला तर सवाबचेच काम होईल. घरात बुरशी एकाला असेल तर ती बहुधा तिघांना असते. एकच टॉवेल, एकाच बादलीत भिजवलेले कपडे. सर्वांचा इलाज एकदम व्हायला हवा, नाहीतर ती घरभर फिरत राहते. पावसात कपडे वाळत नाहीत हे आम्हालाही माहीत आहे. नालासोपाऱ्यातल्या एका खोलीत सहा माणसांचे कपडे पंख्याखाली वाळवणाऱ्या बाईला कोणी ‘उन्हात वाळवा’ सांगू नये. निदान अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांवर आतल्या बाजूने गरम इस्त्री फिरवावी.

भगिनींनो, तुमच्या पत्रांत एक वाक्य परत परत येते, ‘जागा दाखवण्यासारखी नाही’. म्हणून तुम्ही धाकट्या मुलाला मेडिकलमध्ये पाठवता आणि तो नेमकी तीच तीन औषधांची ट्यूब घेऊन येतो. स्त्री डॉक्टर मागा, बहुतेक ठिकाणी मिळते. न मिळाली तरी इलाजासाठी गरजेपुरते दाखवण्याची सवलत शरियतने दिलेली आहे. परकराच्या नाडीखाली, छातीखाली, जांघेत वर्षभर आग सोसण्यात कसलीही पाकदामनी नाही.

आता मामूंच्या पायाकडे परत. सूज नुसत्या बुरशीची की जिवाणूंची, हे घरी कसे ओळखावे असे आम्ही डॉक्टर बाईंना विचारले. बुरशी खाजते, जिवाणू दुखतात, असे त्यांनी ढोबळपणे सांगितले. बुरशीचा डाग कडेने सावकाश, आठवड्यांत वाढतो. सेल्युलायटिसची लाली तासांत पुढे सरकते, हात लावला तर गरम लागते, दाबले तर माणूस ओरडतो. थंडी वाजून ताप येतो, जांघेत गाठ दुखते. शंका आली की लालीच्या कडेवर बॉलपेनने रेघ ओढा आणि वेळ लिहा. लाली रेघेच्या पुढे गेली तर सकाळची वाट पाहू नका. मधुमेहाच्या माणसाला तर रेघेचीही वाट नको, त्याच दिवशी दाखवा. कातडी काळी पडली, फोड आले, किंवा दिसते त्यापेक्षा वेदना फार जास्त असेल तर थेट मोठे इस्पितळ. आणि सोबत घरातल्या सगळ्या ट्यूबा न्या, पिशवीतल्यासुद्धा.

भाभीने एक गोष्ट केली जी आम्हाला सुचली नसती. औषधाने काही विपरीत झाले असे वाटले तर ते कळवण्यासाठी भारत सरकारचा एक कार्यक्रम २०१० पासून चालतो. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. १९६१ साली थॅलिडोमाइड नावाच्या गोळीने हजारो मुले अपंग जन्मली हे उघड झाले, तेव्हापासून जगाने औषधांच्या तक्रारी गोळा करण्याची वाट धरली. आपल्या देशात कळवलेली तक्रार पुढे स्वीडनमधल्या उप्पसाला इथल्या जागतिक नोंदवहीत जाते. म्हणजे त्या मुलाने बाकड्यावर वाचलेली ती ओळ अशाच कोणा सामान्य माणसाने, कोणा डॉक्टरने कळवलेल्या गोष्टीतून आलेली असते. रुग्णांसाठीचा साधा फॉर्म मराठीतही आहे. १८००-१८०-३०२४ हा विनामूल्य क्रमांक कामाच्या दिवशी चालतो. परळच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयांतही नोंद केंद्र आहे. दोष औषधाचाच, अशी तुमची खात्री असण्याची गरज नसते. संशय पुरतो. रुग्णाचे पूर्ण नावही लागत नाही, आद्याक्षरे चालतात.

एका रविवारी दुपारी मामूंच्या घरी ओट्यावर बसून तो फॉर्म भरला गेला. भाभी लिहीत होती, मामू सांगत होते. कोणत्या तारखेला लाली, कोणत्या तारखेला ताप. औषधाचे नाव या रकान्यात तिने आधी डॉक्टरांनी लिहून दिलेले मलम लिहिले, बॅच क्रमांकासह. मग पेन थांबले. मुमानी आतून बाहेर आल्या, काही न बोलता ती चपटी ट्यूब तिच्यासमोर ठेवली आणि चष्मा काढून म्हणाल्या, “याच्यावरचा नंबर मला दिसत नाही. तूच वाच.”